भिंतीवरची बंदूक आणि तीन पिढ्यांची नजर

पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगलेली दाखवली, तर पुढे ती उडालीच पाहिजे, नाहीतर टांगूच नये, हा चेकॉव्हचा दंडक आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. चेकॉव्हचे बोलणे नाटकाच्या बांधणीविषयी होते. आमच्या ग्वाल्हेर-चंबळच्या मुलखात मात्र भिंतीवरच्या बंदुकीला नाटककाराची वाट पाहावी लागली नाही. इथे ती घराघरांत टांगलेली असते. बापाकडून मुलाकडे जमीन जाते तशी तीही जाते, आणि तिच्यासोबत तिच्याकडे पाहण्याची दृष्टीही जाते. ही दृष्टी पिढीगणिक कशी पालटत गेली, आणि आपल्या साहित्याने व चित्रपटांनी त्या पालटाची कितपत दखल घेतली, हे तपासण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत. विषय बंदुकीचा असला, तरी चर्चा ती हाती धरणाऱ्या तरुणाची आहे.

आमच्या मते या बाबतीत तीन पिढ्यांनी तीन वेगवेगळे प्रश्न विचारले. पहिल्या पिढीने विचारले, ‘याने बंदूक कशासाठी उचलली?’ दुसरीने विचारले, ‘याला बंदुकीकडे कोणी लोटले?’ तिसरी, म्हणजे आजची पिढी विचारते, ‘बंदूक हाती घेऊन हा दिसतो कसा?’ प्रश्नांचा हा उतार चिंताजनक आहे, असे आम्हांला वाटते. मात्र त्याचा सारा दोष आजच्या तरुणांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही, हेही आरंभीच सांगून टाकतो.

पहिल्या पिढीच्या मनावर कोरली गेलेली तारीख २२ जून १८९७ ही होय. प्लेगच्या बंदोबस्तापायी पुण्यात गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून जो उच्छाद मांडला, त्याचा सूड म्हणून चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची ती रात्र होती. पुढे तिघे भाऊ आणि त्यांचे सोबती महादेव रानडे फासावर गेले. त्यांतील वासुदेव तर अगदी कोवळ्या वयाचा होता. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरेही अठराच्या आसपासचा. निजामाच्या राज्यातील औरंगाबादेत तो शिकत होता, ही गोष्ट हैदराबादकडील आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. त्याच्या हाती आलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून गुप्तपणे धाडलेल्या पिस्तुलांपैकी होते. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाचे हात रिकामे केले होते. त्यामुळे पिस्तूल हाती धरणे हेच त्या काळी राज्यसत्तेला दिलेले आव्हान ठरे. आमच्या आजोबांच्या पिढीने या तरुणांकडे भक्तिभावाने पाहिले, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

तथापि भक्तिभाव आणि समीक्षा यांचे सहसा जमत नाही. नाशिकच्या त्या रात्री नाट्यगृहात देवलांच्या ‘शारदा’चा प्रयोग होता. वृद्धाने पैशाच्या जोरावर कोवळ्या मुलीशी लग्न लावू पाहावे, म्हणजे वडीलधाऱ्यांनी आपल्या स्वार्थासाठी तरुण जिवाचा बळी द्यावा, हा त्या नाटकाचा विषय. प्रेक्षागृहात मात्र एक अठरा वर्षांचा मुलगा स्वतःच बळी जाण्याच्या तयारीने बसलेला होता. मराठी रंगभूमीच्या इतिहासात यापेक्षा विलक्षण प्रसंग क्वचितच सापडेल. असे असूनही या योगायोगाचा साहित्यिक अर्थ लावण्याच्या भरीस आपल्याकडे फारसे कोणी पडले नाही. जॅक्सन संस्कृतचा आणि आपल्या इतिहासाचा व्यासंगी होता, लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत, ही गोष्ट चरित्रकार ओझरती सांगून पुढे सरकतात. गणेशखिंडीच्या प्रकरणातही रँडच्या आधी, जागच्या जागी मेला तो मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट. रँड पुढे ३ जुलै रोजी मरण पावला. आयर्स्टचे नाव आज किती जणांच्या ओठी आहे? हे विचारल्याने चापेकरांचा त्याग तसूभरही उणा होत नाही. ज्या साहित्याला नळीच्या पुढच्या टोकाला उभा असलेला माणूस दिसत नाही, ते बंदुकीविषयी अर्धेच सांगते, इतकेच आम्हांला म्हणायचे आहे.

या दृष्टीने नचिकेत व जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा १९७९चा चित्रपट आम्हांला मोलाचा वाटतो. देशभक्तिपटाचे ढोलताशे न वाजवता तो त्या तरुणांना त्यांच्या काळात आणि त्यांच्या घरात उभे करतो. दामोदरपंतांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त ज्यांनी वाचले असेल, त्यांना हे तरुण इंग्रजांवर जितके संतापलेले होते, तितकेच स्वकीय सुधारकांवरही होते, हे माहीत असेल. ज्याच्या मनात दोन शत्रू आहेत, त्याच्या हातातील शस्त्र कोणत्या दिशेला वळेल, हा प्रश्न तेथे आपोआप उभा राहतो.

हा प्रश्न १९४८ साली आपल्या उंबरठ्याशी येऊन ठेपला. ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींवर झाडले गेलेले पिस्तूल ग्वाल्हेरातून मिळवलेले होते. ही गोष्ट न्यायालयाच्या अभिलेखात आहे आणि आपल्या घरांतील मोठ्यांना ठाऊकही होती. खटल्यात गोवले गेलेले ग्वाल्हेरचे डॉक्टर पुढे अपिलात सुटले. खालच्या आवाजात बोलायची ही गोष्ट, अशीच आम्ही ती ऐकत आलो. त्यानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी ब्राह्मणांची घरे जळली. त्या जाळपोळीवर व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ लिहिली आणि ती मराठी कादंबरीत आपले स्थान राखून आहे. पण घर जळणाऱ्याची व्यथा आपण लिहिली, तसे पिस्तूल पुरवणाऱ्या वातावरणाचे चित्र लिहिले का? १९९८ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकाने मारणाऱ्यालाच व्यासपीठ दिले, आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. आमचा आक्षेप राजकीय नसून नाट्यशास्त्रीय आहे. नाटक म्हणजे दोन बाजूंचा संघर्ष. एका बाजूला वाणी आणि दुसरीला केवळ मरण दिले, की संघर्ष संपतो आणि भाषण उरते. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने या विषयावर पाळलेले मौन आता पंचाहत्तर वर्षांहून अधिक जुने झाले. मौनाने घराण्याची अब्रू राखली जाते, हे आम्ही जाणतो. परंतु नातवंडे त्या मौनाचा अर्थ आपापल्या सोयीने लावतात, हेही ध्यानात घ्यायला हवे.

आता दुसऱ्या पिढीकडे वळू. स्वातंत्र्य आले आणि परका राज्यकर्ता गेला. मग बंदूक कोणावर रोखायची? चंबळच्या बेहडात या प्रश्नाला जमिनीची भांडणे, जातीचा ताठा आणि ठाण्यातील अन्याय यांनी उत्तर पुरवले. इथला माणूस ‘डाकू’ म्हणत नाही, ‘बागी’ म्हणतो. या एका शब्दात दुसऱ्या पिढीची सारी दृष्टी सामावली आहे. बागी म्हणजे बंडखोर, आणि बंडखोराला बंड करायला भाग पाडणारा कोणीतरी असतोच. १९६० साली विनोबा याच भावनेने या मुलखात आले. पोलिसांना जे जमले नव्हते, ते या मराठी संताच्या पदयात्रेने केले. वीस बागींनी शस्त्रे खाली ठेवली. १९७२च्या एप्रिलमध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाशजींच्या उपस्थितीत माधोसिंग, मोहरसिंग आणि त्यांचे साथीदार शरण आले. तेव्हा गांधीजींच्या तसबिरीपुढे ठेवलेल्या बंदुकांची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून आली होती. त्या छायाचित्रांचा ठसा आमच्या पिढीवर फार खोल आहे.

चित्रपटांनी ही दृष्टी उचलली. पण त्यांत एक कृती अशी आहे, जिने ती उचलली आणि ओलांडलीही. मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ (१९५७) पाहताना सावकाराच्या जाचाने बिरजू दरोडेखोर झाला, हे आपल्याला पटते आणि त्याच्याविषयी कणवही वाटते. पण तो सावकाराच्या मुलीला तिच्या लग्नाच्या दिवशी पळवू लागतो, तेव्हा त्याची आईच त्याच्यावर गोळी झाडते. कारण समजून घेणे म्हणजे कृत्य माफ करणे नव्हे, ही गोष्ट त्या एका गोळीत जितकी स्पष्ट होते, तितकी शंभर प्रवचनांत होणार नाही. आणि विशेष हे, की ती आई तत्त्वासाठी मारते आणि मग मेलेल्या लेकराला कवटाळून रडते. न्याय आणि माया यांतले काहीच तिला सोडता येत नाही. बंदुकीसंबंधीच्या हिंदी चित्रपटसृष्टीतील साऱ्या प्रसंगांत हा प्रसंग आम्ही सर्वांत वरचा मानतो.

बिरजूची भूमिका करणारे सुनील दत्त यांनीच १९६३ साली चंबळच्या पार्श्वभूमीवर ‘मुझे जीने दो’ काढला. त्यात बायको आणि मूल यांच्या मायेने दरोडेखोराचे मन पालटते. पुढे १९९३च्या मुंबईतील प्रकरणात त्यांच्याच मुलावर बेकायदा शस्त्र बाळगल्याचा आरोप सिद्ध झाला, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कमी करून पाच वर्षांची केली. दरम्यान, २००६ साली तोच मुलगा ‘लगे रहो मुन्नाभाई’मधून देशाला गांधीगिरी शिकवीत होता आणि प्रेक्षक डोळे पुसत होते. कोणाच्या खाजगी दुःखावर बोट ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पडद्यावर आईने लेकावर गोळी झाडलेली पाहून हेलावणारा आणि प्रत्यक्षात ‘पोराकडून चूक झाली’ म्हणून मोकळा होणारा समाज एकच आहे, ही गोष्ट समीक्षकाने नजरेआड करू नये.

मराठीत या पिढीचे सर्वांत धारदार चित्र अनिल बर्वे यांच्या ‘थँक यू, मिस्टर ग्लाड’मध्ये सापडते. फाशीची शिक्षा झालेला तरुण नक्षलवादी आणि कडक जेलर ग्लाड यांच्या संबंधांची ही कथा. या तरुणाला दोर नको आहे, गोळी हवी आहे, आणि अखेर ग्लाडच्या हातून त्याला ती मिळते. चापेकर-कान्हेऱ्यांच्या पिढीतील मरणाचे तेज आणि सत्तरच्या दशकातील सामाजिक संताप येथे एकत्र येतात. लेखक जेलरलाही पुरता माणूस करतो, हे या कृतीचे बळ. पण तो तरुण ज्यांच्या जिवावर उठला, ती माणसे येथेही पडद्याआडच राहिली, ही तिची उणीव आहे.

याच सुमारास, १९७५ साली, ‘शोले’ आला. गब्बरसिंग या नावाचा खराखुरा दरोडेखोर भिंडकडचा होता. चित्रपटातील गब्बरला मात्र ना भूतकाळ आहे, ना कोणी केलेला अन्याय. ‘याला कोणी लोटले?’ हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. तो हसतो, आणि मारतो. मौज अशी, की मुलांनी नायकांपेक्षा त्यालाच उचलून धरले. पुढे तर हाच गब्बर ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत मुलांना बिस्किटे विकू लागला. आमच्या मते तिसऱ्या पिढीचा प्रश्न याच क्षणी जन्माला आला. बंदुकीपासून कारण वेगळे झाले आणि ऐट तेवढी शिल्लक राहिली.

कायद्याचा प्रवास मात्र उलट दिशेने चालला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. १९५९च्या शस्त्र अधिनियमात परवान्यासाठी किमान वय सोळा वर्षांचे होते. १९८३च्या दुरुस्तीने ते एकवीस केले. एका व्यक्तीने किती अग्निशस्त्रे बाळगावीत, यावर त्याच दुरुस्तीने तीनची मर्यादा घातली, आणि २०१९ साली ती दोनवर आली. म्हणजे जो समाज सोळा वर्षांच्या मुलाला बंदूक पेलण्याजोगा मानत होता, त्यानेच एका पिढीत आपले मत पाच वर्षांनी पुढे ढकलले. कायदा कडक होत गेला आणि पडदा सैल होत गेला.

शासकीय सेवेत असताना शस्त्र-परवान्यांचे अर्ज आमच्या नजरेखालून पुष्कळ गेले. कारणाच्या रकान्यात ‘आत्मरक्षा’ किंवा ‘फसलरक्षा’ असे ठरलेले शब्द असत. खरे कारण त्या रकान्यात मावणारे नसे. सोयरीक जुळवताना वरपक्षाच्या ओसरीवर दुनाळी दिसली पाहिजे, हे ते कारण. २००८ साली तर शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्यास बंदुकीच्या परवान्याचे आमिष दाखवले गेले आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुरुषार्थाची उणीव भासू नये म्हणून बंदूक, हा त्यामागचा हिशेब. एखाद्या विनोदी लेखकाला कल्पनेतही सुचू नये, असे हे कथानक वास्तवाने लिहिले, आणि आपल्यापैकी कोणीही त्यावर कथा लिहिली नाही!

बालवाङ्मयाचा विचार केल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी आमच्या पिढीच्या रात्री जागवल्या. त्यांच्या पानापानांतून पिस्तुले चमकत, पण ती एका अद्भुत जगातील होती. वाचून झाले की पुस्तक मिटायचे आणि पिस्तूल तेथेच राहायचे. भा. रा. भागवतांनी मात्र फुरसुंगीच्या बनेश फेणेला सायकल दिली, चपळाई दिली, जिज्ञासा दिली, बंदूक दिली नाही. तरी फास्टर फेणे कोणाच्याही मागे पडला नाही. किशोरवयीन नायकाचे शौर्य शस्त्रावाचून उभे करता येते, हे भागवतांनी इतक्या सहजतेने दाखवले, की त्याचे मोल आपल्या ध्यानातही आले नाही.

तिसऱ्या पिढीकडे पाहताना २००६ हे वर्ष मैलाच्या दगडासारखे वाटते. त्या वर्षाच्या आरंभी ‘रंग दे बसंती’ आला. महाविद्यालयीन तरुण क्रांतिकारकांच्या भूमिका वठवता वठवता खरोखरीच एका मंत्र्याला गोळ्या घालतात. त्याच वर्षी पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला. दोन्हींना त्याच तरुणांनी डोक्यावर घेतले. यात विसंगती आहे, असे आम्ही म्हणणार नाही. अन्यायाची चीड खरी होती आणि मार्गाचा संभ्रमही खरा होता. मात्र ‘रंग दे बसंती’त भूतकाळातील क्रांतिकारक आणि वर्तमानातील तरुण एकमेकांत विरघळून जातात, तेथे आमची तक्रार आहे. परक्या सत्तेपुढे दुसरा मार्ग नसलेल्या कान्हेऱ्याची गोळी आणि मतदानाचा हक्क असलेल्या तरुणाची गोळी एकाच पार्श्वसंगीतावर झाडली, की इतिहास पोशाखापुरता उरतो.

त्यानंतरच्या वर्षांत तोही पोशाख गळून पडला. लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या मित्रांनी हवेत गोळ्या झाडायच्या आणि खालच्या मांडवात एखाद्याचे मूल कोसळायचे, अशा बातम्या आमच्या मुलखाला नव्या नाहीत. आता त्या क्षणाचे चित्रीकरण होते आणि ते मोबाइलवर फिरते. परवाना नसला तर गावठी कट्टा मिळतो, आणि गाणी त्याला अलंकारासारखी मिरवतात. २०१९च्या दुरुस्तीने अशा हर्षगोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. कायद्याने करायचे ते केले. समीक्षेने काय केले?

या काळात आशेला जागा नाही, असे मात्र मुळीच नाही. २०१२चा ‘पानसिंग तोमर’ मुरैनाकडच्या धावपटू सुभेदाराची कहाणी सांगताना दुसऱ्या पिढीचा प्रश्न पुन्हा प्रामाणिकपणे विचारतो. अभिषेक चौबे यांचा ‘सोनचिड़िया’ (२०१९) तर त्याही पुढे जातो. त्यातील बागींना एका लहान मुलीची आकृती पुन्हा पुन्हा दिसत राहते. त्यांच्या हातून जे घडले, ते त्यांची पाठ सोडत नाही. आयर्स्टपासून ज्याची आपण उपेक्षा केली, तो नळीपुढचा माणूस येथे अखेर पडद्यावर आला, तोही एका बालिकेच्या रूपाने. चित्रपट फारसा चालला नाही, याचे आम्हांला दुःख आहे.

आणखी एक आशा क्रीडांगणावर दिसते. अंजली भागवत, २०१० साली विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे, आणि आपल्या मध्य प्रदेशातील खरगोनचा ऐश्वर्य प्रतापसिंग तोमर यांच्या हातांतही बंदूकच आहे. तिथे मात्र श्वास रोखणे, स्थिर राहणे, चाप ओढण्यापूर्वी स्वतःला आवरणे हीच विद्या. समोर कागदी चकती आहे, माणूस नाही. ज्या मुलखात बंदूक मिशीला पीळ देण्यासाठी होती, तेथील मुली आता नेमबाजीच्या सरावाला जातात, हा बदल लहान नाही. या तरुणांच्या वर्षानुवर्षांच्या एकाकी परिश्रमांवर एखादी समर्थ मराठी कादंबरी अजून आमच्या वाचनात आलेली नाही. ती यावी, अशी इच्छा आहे.

सारांश, आमची मागणी साहित्याकडे आहे आणि घरांकडेही. साहित्याने मारणाऱ्याच्या मनात शिरावे, पण मरणाऱ्याचे नाव विसरू नये. घरांनी तरुणांना उपदेश करण्यापेक्षा पूर्ण कथा सांगावी. आपल्या मंडळाच्या तरुण सभासदांसाठी ‘२२ जून १८९७’ आणि ‘मदर इंडिया’ हे दोन चित्रपट एकापाठोपाठ दाखवून त्यांवर मोकळी चर्चा घडवून आणावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. चर्चेत वडीलधाऱ्यांनी शेवटी बोलावे. आणि येत्या खंडेनवमीला आपल्या घरांतील जुन्या तलवारी, ठासणीच्या बंदुका पूजेसाठी खाली निघतील, तेव्हा त्यांनी मिळवलेल्या विजयांबरोबर त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसांविषयीही दोन शब्द मुलांना सांगावेत. हळदकुंकू वाहून शस्त्र पुन्हा भिंतीवर जाईल. कशासाठी ते तेथे आहे आणि कशासाठी ते तेथेच राहावे, हे मुलांना त्या दिवशी कळले पाहिजे.